एकरभर गवत आणि दोन मोअर

पहाटे साडेपाच

मेलबर्नच्या वायव्येला नोव्हेंबरात गवत ऐन भरात असतं. सप्टेंबरपासून ऊन-पाऊस आलटून पालटून झालेला असतो, जमीन ओल धरून असते आणि उन्हाळ्याचा कोरडा वारा सुटायला अजून तीन-चार आठवडे बाकी असतात. लॉन कापून पोट भरणाऱ्याची हीच सुगी. आज वरच्या अंगाची कामं आहेत. पहिलं सनबरीत, मग कॅल्डर फ्रीवेने वर मॅसिडनला, आणि उतरताना गिझबर्नमध्ये एक एकरभराचा प्लॉट.

ट्रेलरवर तीन यंत्रं चढवली. पुढे पेट्रोलची राइड-ऑन, म्हणजे वर बसून चालवायची, ४२ इंच रुंद कापणारी. मागे ढकलायचे दोन मोअर, एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. पेट्रोलच्या मोअरचं तेल मी अंगणातल्या सपाट फरशीवर उभा करूनच बघतो, कारण ट्रेलरवर तिरक्या उभ्या यंत्राची तेलाची कांडी खोटं सांगते. पेट्रोलचा डबा एका टोकाला पट्ट्याने बांधला. बॅटऱ्या दुसऱ्या टोकाला, झाकणाच्या आइसबॉक्समध्ये. बर्फ नसतो त्यात, पण लोखंडी ट्रेलरवर उन्हात बॅटऱ्या भाजून निघत नाहीत, आणि मला तेवढंच हवं असतं.

दोन्ही प्रकार कशाला बाळगता, असं गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. त्याचं उत्तर आज दिवसभरात मिळेलच. शिवाय गिझबर्नच्या त्या एकरवाल्यांना गवत कापून देण्याआधी सल्ला हवा आहे.

सकाळी सात

व्हिक्टोरियात घरांच्या वस्तीत मोअर कधी चालवायचा याचा नियम आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी सातच्या आधी नाही, रात्री आठनंतर नाही. शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी नाही. बॅटरीवरचा असला तरी मोअर तो मोअरच, त्याला सूट नाही. पण सातला सुरू करायची परवानगी असणं वेगळं आणि रात्रपाळी करून नुकत्याच झोपलेल्या नर्सच्या खिडकीखाली पेट्रोलचं इंजिन सुरू करणं वेगळं. सनबरीतल्या या घराशेजारी अशीच एक नर्स राहते. इथे मी बॅटरीचाच मोअर काढतो आणि त्यावर विचारही करत नाही.

लॉन जेमतेम दीडशे चौरस मीटर. गवत काउच, म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती. दव होतं म्हणून आधी कडा मारून घेतल्या, तोवर गवत कापण्याइतपत वाळलं. वीस मिनिटांत काम संपलं आणि बॅटरीच्या पाच दिव्यांपैकी चार अजून लागलेले. इतक्या लहान जागेला पेट्रोलचा मोअर घेणारा माणूस आता मला क्वचितच भेटतो आणि त्याने घेऊही नये.

नऊ

मॅसिडनच्या उतारावर अर्ध्या एकराचं आवार आहे. मालक सत्तरी ओलांडलेले, एकटेच. त्यांच्या शेडमध्ये जुना टू-स्ट्रोक व्हिक्टा मोअर आहे, अजून सुरू होणारा. मी गेलो की ते तो एकदा बाहेर काढून दाखवतातच, आणि मलाही तो बघायला आवडतो. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये सिडनीच्या काँकर्डमध्ये घरच्या गॅरेजात पहिला व्हिक्टा जोडला, तेव्हा पेट्रोलच्या टाकीच्या जागी पीचचा रिकामा डबा लावला होता. त्या मोअरने या देशातल्या घरामागच्या अंगणाचं रूपच बदललं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनातही मोअर घेऊन नाचणारे कलाकार मैदानात उतरले होते.

आता नवा टू-स्ट्रोक मोअर दुकानात मिळत नाही. लहान इंजिनांच्या धुराला ऑस्ट्रेलियाने मर्यादा घातली. १ जुलै २०१८ पासून आयातीला आणि १ जुलै २०१९ पासून विक्रीला ती लागू झाली. टू-स्ट्रोकमध्ये जळल्याविना बाहेर पडणारं तेल-पेट्रोल पाहता ती यायलाच हवी होती. पण उतारावर राहणारी माणसं त्या यंत्रासाठी हळहळतात त्याला कारण आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, त्यामुळे यंत्र कितीही कललं तरी इंजिनाला वंगण मिळतं. फोर-स्ट्रोकचं तेल खाली तळाशी साठलेलं असतं. आडव्या उतारावर बराच वेळ कललेलं चाललं की तेल एका बाजूला जातं आणि इंजिन कोरडं पडू शकतं. बॅटरीच्या मोटरला तेलच लागत नाही. म्हणजे टू-स्ट्रोकचा जो एक गुण लोकांना हवा होता, तो धुराशिवाय परत आला आहे. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, पण घरामागे चढ असलेल्या माणसाने मोअर निवडताना सगळ्यात आधी हेच बघावं असं मला वाटतं.

आजोबांच्या वरच्या चढावर म्हणून बॅटरीचा मोअर आडवा चालवला, खालच्या सपाटीवर पेट्रोलचा. राइड-ऑन ट्रेलरवरून उतरवलीच नाही. पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर ती नेऊ नये असं बहुतेक कंपन्या पुस्तकात लिहितात, आणि इथला वरचा भाग त्याहून तिरका आहे.

अकरा

गिझबर्न. नाशिकचं जोडपं, दोघंही तिशीतली, शहरातलं टाउनहाउस विकून इथे आलेली. हिवाळ्यात घर घेतलं तेव्हा गवत घोट्याइतकं होतं. आता मागच्या बाजूला गुडघ्याच्या वर गेलंय.

"काका, एकर म्हणजे पेट्रोलच घ्यावं लागेल ना?" तो म्हणाला.

"मला तो धूर नको आहे," ती म्हणाली. "आणि पोरीला दुपारी झोप लागते तेव्हाच तुम्हाला कापायला वेळ असतो."

मी म्हटलं, यंत्राचं नाव नंतर काढू, आधी चालून येऊ. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, पण एकरभर गवत कुणाकडेच नसतं. घर, शेड, गाडीरस्ता, पाण्याची टाकी, झाडांखालची जागा, छोटं तळं हे सगळं वजा करत गेलो तर हजारएक चौरस मीटर गेलेच. उरले तीन हजार. त्यातले साधारण हजार घराभोवतीचे, जिथे मुलगी खेळणार आणि पाहुणे बसणार. दोन हजार मागचे, कुंपणापर्यंत उतरत गेलेले. ही जमीन दोन प्रकारची आहे आणि दोन्ही प्रकारांना एकच यंत्र शोधत बसणं हेच गोंधळाचं मूळ आहे.

मग हिशेब केला, तिच्या फोनवरच. ढकलायचा मोअर ४६ सेंटिमीटर कापतो, पण प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून हाती ४० धरा. दोन हजार चौरस मीटर कापायला यंत्रामागे पाच किलोमीटर चालणं झालं. तीन हजारांना साडेसात. तेही उतारावर, वळणं आणि झाडांना घातलेले वळसे सोडून. राइड-ऑनवर बसलं तर मागचं सगळं दोनेक किलोमीटरमध्ये आटोपतं. पेट्रोल की बॅटरी हा प्रश्न यायच्या आधी चालायचं की बसायचं हा प्रश्न येतो, आणि मोठ्या प्लॉटवर पहिल्या वर्षी लोक तिथेच चुकतात. दुकानात मोअरच्या रांगेपुढे उभं राहून ते फक्त इंजिन आणि बॅटरीची तुलना करतात.

मग बॅटरीचा मोअर उतरवला, बोलण्यापेक्षा दाखवावं म्हणून. घरापुढचं गवत दहा दिवसांपूर्वी कुणाकडून तरी कापून घेतलेलं. तिथे मोटर एका सुरात गुणगुणत राहिली, कापलेलं गवत बारीक होऊन खाली बसत गेलं. पुढचा बराचसा भाग झाला तरी दिव्यांपैकी एकच विझला. तोच मोअर मागे नेला, गुडघाभर राय आणि फॅलारिस गवतात. चार पावलं गेलो आणि आवाज खाली बसला. मोटर जोर लावते, पातं मंदावतं, यंत्र पुन्हा वेग घ्यायला बघतं. मी मोअरचा पुढचा भाग दोन्ही हातांनी उचलून धरला, हळूहळू खाली टेकवला, अर्ध्याच रुंदीवर घेतला. त्यातही ओल्या गवताचा लगदा तोंडाशी अडकला. बॅटरी काढली, पातं थांबल्याची खात्री केली, मग काठीने लगदा खरवडला. हिरव्या रसाचा तो वास नाकात बसतो. दोन आडवे पट्टे झाले तेव्हा बॅटरीत दोनच दिवे उरले होते आणि तिची पाठ हाताला गरम लागत होती.

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे बॅटरी कमजोर?"

कमजोर नाही, मोजकी. ५६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५६० वॅट-तास, अर्ध्या युनिटापेक्षा थोडी जास्त वीज. आखूड गवतात मोटर साधारण पाच-सहाशे वॅट खाते, म्हणजे तासभर चालते आणि हजार मीटर सहज होतात. उंच, ओल्या गवतात तीच मोटर दीड हजार वॅटांपर्यंत जाते, मग वीसेक मिनिटं. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातला पाचवा हिस्सा पात्यापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून जाते. इतकी नासाडी होऊनही लिटरभर पेट्रोल अशा तीनेक बॅटऱ्यांचं काम करतं, आणि संपलं की मिनिटभरात पुन्हा भरता येतं.

म्हणून मी त्यांना विचारलं, गवत किती वाढू देणार? बॅटरी घेणाऱ्याने वसंतात दर आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी कापलं पाहिजे. पाऊस आला, पोर आजारी पडली, भारतातून आई-बाबा आले, दोन आठवडे राहून गेलं, की बॅटरीच्या मोअरचं काम तिप्पट होतं. पेट्रोलचं यंत्र अशी हयगय बरीच सहन करतं. घराभोवतीच्या हजार मीटरला हे दर आठवड्याचं जमेल, त्यात तुमचा पाऊण तास जाईल. मागच्या दोन हजारांना जमणार नाही, कारण दर शनिवारी पाच किलोमीटर मोअर ढकलायची हौस कुणाची टिकत नाही.

एक

डबा उघडला. त्यांनी आत बोलावलं होतं, पण बूट चिखलाने भरलेले, म्हणून व्हरांड्यातच बसलो. ती मेथीची भाजी घेऊन आली. आमच्या सांगलीकडे एवढं गवत दिसलं असतं तर म्हशी सोडल्या असत्या, इथे ते कापून तिथेच टाकून द्यायचं. तिनेही विचारलंच, "काका, मेंढ्या पाळल्या तर?" पाळता येतील, पण व्हिक्टोरियात एक मेंढी ठेवली तरी जागेचा पशुधन-क्रमांक काढावा लागतो, कुंपण भक्कम लागतं, आणि मेंढी मुलीच्या खेळायच्या जागेत यायला नको. तो विषय तिथेच थांबला.

बॅटरी चार्जरला लावली. चार्जरने लगेच घेतली नाही, आधी लाल दिवा दाखवून पंखा सुरू केला. तापलेली लिथियम बॅटरी निवेपर्यंत तो चार्ज करत नाही, आणि त्याने करूही नये. पेट्रोलच्या यंत्राचंही तसंच. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. दोन्ही बाजूंना विश्रांती आलीच, बॅटरीची लांब असते इतकंच. या घराच्या छपरावर सोलर आहे. देशातल्या साधारण तीन घरांमागे एका घरावर असतं. दुपारी एकला तयार होणारी वीज ग्रिडला विकून फारसं काही मिळत नाही, ती मोअरच्या बॅटरीत गेली तर कापणी जवळजवळ फुकट. बॅटरीच्या बाजूने माझ्याकडे असलेला हा फार मोठा मुद्दा आहे, आणि तो मी त्यांना भरपूर वेळ घेऊन सांगितला.

दोन

मागच्या भागात राइड-ऑन घातली, पातं सगळ्यात वर चढवून. गुडघाभर गवत एकदम लॉनसारखं कापायचं नसतं. आज वरचं, दहा दिवसांनी खालचं.

त्याआधी काठीने गवत बडवत संपूर्ण भाग पायी फिरलो. एक म्हणजे तळ्याकाठी नोव्हेंबरात टायगर साप असतात. दुसरं म्हणजे दगड. उत्तरेचा वारा सुटला होता आणि कुंपणाबाहेरचं गवत वरून पिवळं पडायला लागलंय. मॅसिडनच्या डोंगराने १६ फेब्रुवारी १९८३ ची आग पाहिली आहे, ॲश वेन्झडे म्हणतात ती, मॅसिडन जळालं तो दिवस. मोकळ्या रानात गवताची आग ताशी २५ किलोमीटरपर्यंत पळू शकते, माणसापेक्षा जास्त वेगाने. म्हणूनच उन्हाळ्यात गवत १० सेंटिमीटरच्या आत ठेवा असं सीएफए, म्हणजे इथलं ग्रामीण अग्निशमन दल, बजावतं, आणि वाढलेल्या प्लॉटवाल्यांना कौन्सिलची नोटीस येते. मागचं गवत कापणं इथे शोभेचं काम नाही.

बॅटरीच्या मोअरने आग लागत नाही, असं नवऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं. तापलेला सायलेन्सर नसतो हे खरं, तेवढा धोका कमी. पण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, मग ते फिरवणारं इंजिन असो की मोटर. वाळल्या गवतात सकाळच्या दमट वेळी कापायचं, पाणी जवळ ठेवायचं, आणि टोटल फायर बॅनच्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी असलेल्या दिवशी मी स्वतः कुठलंच पातं फिरवत नाही. हे त्याला मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

तळ्याचा काठ राइड-ऑनने कापला नाही. फोनवर उतार मोजून दाखवला, वीस अंशांच्या वर. राइड-ऑन उलटून माणूस तिच्याखाली सापडतो तो अशाच ठिकाणी. तिथे व्हिपर-स्निपर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापणारा, आणि तो बॅटरीचा, कारण हातात धरायच्या यंत्राला वजन आणि थरथर दोन्ही कमी हवीत.

साडेचार

उतरताना आणखी एक लहान काम, सांगण्यासारखं काही नाही, अर्ध्या तासात झालं.

पण इअरमफ काढल्यावर कान कसे वाटतात ते सांगायला हवं. इथल्या कामगार-नियमांत आवाजाची मर्यादा आठ तासांना सरासरी ८५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. पेट्रोलचा मोअर चालवणाऱ्याच्या कानाशी ९० च्या पुढे सहज जातो. घरमालक तासभर कापतो, तोही बहुतेकदा कानावर काही न लावता. यंत्र कुठलंही घ्या, इअरमफ त्याच पावतीवर घ्या. बॅटरीच्या मोअरलाही पात्याचा आणि वाऱ्याचा आवाज असतोच.

साडेसहा

घरी. पेट्रोलच्या मोअरचा प्लगची वायर आधी काढायची, मग यंत्र कलवायचं, एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. बॅटरीच्या मोअरची बॅटरी काढायची आणि मगच खाली हात घालायचा. खालचा वाळलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. पेट्रोलच्या मोअरला चकतीवर चार लहान, मागे झुलणारी पाती आहेत. दगड लागला की ती मागे सरतात, आणि बोथट झाली की बदलायला स्वस्त. बॅटरीच्या बऱ्याच मोअरना एक लांब सलग पातं असतं. ते छान कापतं, पण बुंध्यावर आदळलं तर वाकतं. पात्याला कानस मारली. बोथट पातं बॅटरी जास्त खातं, हे तर मीटरवरच दिसतं.

पेट्रोलच्या बाजूचा खर्च असा बारीकसारीक असतो. नव्या इंजिनाचं तेल पहिल्या पाच तासांनी, पुढे दर पन्नास तासांनी किंवा वर्षाला. प्लग, फिल्टर. हिवाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट बसतं, आणि सप्टेंबरात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. बॅटरीचा खर्च एकदम येतो. काही वर्षांनी ती थकते आणि नवीची किंमत मोअरच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. हिवाळ्यात ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, अर्धवट भरून घरात, थंड जागी.

आठ

त्यांना निरोप लिहिला. घराभोवतीच्या हजार मीटरला बॅटरीचा, स्वतः चालणारा मोअर घ्या, दोन बॅटऱ्यांसकट. मागच्या दोन हजारांना आज तरी पेट्रोलची राइड-ऑन. बॅटरीवरची राइड-ऑन चांगली असते, पण तिचा भाव साध्या पेट्रोलच्या राइड-ऑनच्या दीड-दोन पट जातो आणि वर्षातले चार महिने सोडले तर मागचं गवत वाढतच नाही. लगेच घेऊही नका. फेब्रुवारीत ते सगळं तपकिरी पडेल, तेव्हा पुन्हा फिरून बघा, आणि तळ्याकडच्या भागात झाडं लावायची की नाही तेही ठरवा. तोवर मागचं मी कापतो. यात माझी मजुरी आहे हे तुम्हाला दिसतंच आहे, म्हणून एका खेपेचा दर आणि राइड-ऑनची किंमत दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाठवलेत.

तिचं उत्तर लगेच आलं. मोअरची बॅटरी व्हिपर-स्निपरला चालेल का? त्याच कंपनीचा असेल तर चालेल, दुसऱ्या कंपनीचा नाही. मग तिला सांगितलं, दुकानात आधी मोअर बघू नका. तळ्याच्या काठाला व्हिपर-स्निपर, पानांना ब्लोअर, झाडं छाटायला लहान करवत, यातलं काय काय लागणार याची यादी करा आणि ते सगळं ज्या कंपनीच्या एकाच बॅटरीवर चालतं ती कंपनी धरा. बॅटरी निवडली की मोअर आपोआप ठरतो. शनिवारी नऊनंतर माझ्या दोन्ही बॅटऱ्या घेऊन येतो, तुम्ही स्वतः चालवून बघा, नवऱ्याला मागचा उतारही चालवू दे.